घरातला खेळ आणि मुलाचा नकार

कुस्ती, मल्लखांब, खो-खो असा एखादा खेळ ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आला आणि मनात नसताना ज्यांना तो खेळावा लागला, किंवा ज्यांनी मुलांना खेळायला लावला, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत.

•

आमचे घर कोल्हापूरचे. आजोबा खासबागेत लढलेले. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या आणि १९१२ साली पूर्ण झालेल्या त्या मैदानाचे नाव घरात देवाच्या नावासारखे घेतले जाई. बाराव्या वर्षी वडिलांनी मला तालमीत घातले. पहाटे जोर-बैठका, मग हळद, तेल आणि ताक घालून मुरवलेल्या लाल मातीच्या हौद्यात लढत, आणि नंतर थंडाई. मातीचा वास मला आजही आवडतो, परंतु समोरच्याने पट काढला, म्हणजे वाकून पाय धरून ओढले, की माझ्या अंगातले बळच जाई. हरून आलो तरी वडील कधी रागावले नाहीत. ते मुकाट्याने माझ्या ताटात आणखी तूप वाढत, आणि त्या तुपाचीच मला धास्ती बसली. अठराव्या वर्षी गुडघा दुखावला, तेव्हा सुटल्यासारखे वाटले, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आले नाही.

•

मी जबरदस्ती करणाऱ्यांपैकी आहे. दोरीचा मल्लखांब मी स्वतः केलेला असल्यामुळे अंगठ्याच्या बेचक्यात दोरी कशी सोलते हे मला ठाऊक होते, तरीही लेकीला ‘आणखी सहा महिने कर’ असे मी तीनदा सांगितले. चौथ्यांदा तिने विचारलेच नाही, ती जायची थांबली. दोरी अजून माळ्यावर आहे.

•

माझे मत निराळे आहे. वडिलांनी मला रडवून खो-खो खेळायला लावले आणि त्याच खेळाच्या प्रमाणपत्रावर, खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून, मला शासकीय नोकरी लागली. मात्र माझ्या मुलाला मी मैदानावर नेत नाही. याचे कारण मला नीट सांगता येत नाही.

•

आम्ही कराडकडचे. तालमीला नाही म्हटले की वडिलांकडे एकच दाखला असे : गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे वडीलही पैलवानच होते, त्यांनी मुलाला मातीत उतरवले म्हणून १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले. खाशाबा पाच भावांतले धाकटे, हे मी कोठेतरी वाचले होते. थोरल्या चौघांची पदके कोठे आहेत, असे मी एकदा विचारले. त्या दिवशी जेवण उशिरा मिळाले.