‘मी जास’ : जाणारी की जाणारा?

प्रश्न (अमळनेर) : दिवाळी अंकासाठी आलेल्या एका स्थानिक कवयित्रीच्या कवितेची शेवटची ओळ आम्हांला अडवून बसली आहे. पहिल्या कडव्यात ‘देह दाराशी ठेवून / आत जाते मी’ असे आहे. दुसऱ्यात ‘काया नदीत धुऊन / कोरडाच जातो मी’ असे बोलणारा पुरुष होतो. आणि अखेरीस, बाकी सगळी कविता प्रमाण मराठीत असताना, एकदम खान्देशची अहिराणी बोली येते : ‘आंग तठे, मन आठे, / मी जास.’ तळटिपेत ‘जास’चा अर्थ ‘जाते’ द्यावा की ‘जातो’? शिवाय बाईच्या तोंडी पुल्लिंगी ‘देह’ आणि पुरुषाच्या तोंडी स्त्रीलिंगी ‘काया’ ही अदलाबदल हेतुपूर्वक केलेली असेल का?

उत्तर (धुळे) : ताई, दोन्हींपैकी एकही अर्थ देऊ नये. अहिराणीत वर्तमानकाळी ‘मी जास’ हे बाईही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. ‘तो जास, ती जास’ यांतही फरक नाही. प्रमाण मराठीत ‘मी जाते’ किंवा ‘मी जातो’ म्हणताना क्रियापदापाशी आपले लिंग सांगावेच लागते, ती सक्ती इथे सुटते. भूतकाळ वापरला असता तर ‘तो उना, ती उनी’ (तो आला, ती आली) असा भेद परत आला असता, तेव्हा काळाची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. अर्थ मला सरळ वाटतो : आत्म्याला लिंग नाही. संत चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाईंनी ‘देहासी विटाळ म्हणती सकळ। आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ असे म्हटले, त्याच वाटेवरची ही कविता आहे.

उत्तर (चोपडा) : धुळ्याच्या नानांचे व्याकरण मान्य, पण अर्थ मान्य नाही. सोयराबाई त्या ओळीवर थांबत नाहीत. ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला’ असे म्हणून, ज्याला विटाळ म्हणता त्यावाचून जगात एकही देह घडलेला नाही, हे त्या बजावतात. म्हणजे आत्म्याची शुद्धता सांगून देह टाकून देणे हा त्यांचा मार्गच नव्हे. पहिल्या कडव्यातला दाराशी ठेवलेला देह मला मासिक पाळीमुळे देवळाबाहेर थांबवलेल्या बाईचा वाटतो, आणि म्हणूनच ती ‘आत जाते’ हे महत्त्वाचे आहे.

आता शेवटच्या ओळींतला ‘आंग’ हा शब्द पाहा. ‘देह’ आणि ‘काया’ हे पोथीतून, कीर्तनातून आलेले शब्द आहेत. ‘आंग’ मात्र घरातले आहे, ते दुखते, तापते, घामेजते, आणि देव येतो तोही अंगातच. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. अशा देवीच्या कार्यात कुणाच्या अंगात आले, तर मिशीवाल्या पुरुषालाही ‘आई’ म्हणून हात जोडतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. खान्देशी कानाला ‘आंग’ ऐकताच हे सारे आठवते; तिथे अध्यात्म अंगाला वगळून होत नाही.

‘देह’ आणि ‘काया’ यांच्या लिंगावर मात्र फार भार टाकू नये. संस्कृतात ‘काय’ पुल्लिंगी आहे, मराठीत ‘काया’ स्त्रीलिंगी झाली, आणि ‘शरीर’ नपुंसकलिंगी राहिले; ही भाषेची रूढी आहे. कवयित्रीने तिचा उपयोग करून घेतला असेल, पण कवितेचा सारा अर्थ त्यावर उभा नाही.

उत्तर (धुळे) : ‘आंग’विषयीचे म्हणणे पटले. तरी भक्तिपरंपरेत बोलणाऱ्याचे लिंग बदलणे नवे नाही, हे नोंदवावेसे वाटते. ज्ञानदेवांच्या नावावरील विरहिणींत, म्हणजे विरहाच्या अभंगांत, बोलणारी स्त्री आहे, आणि विठ्ठलालाही आपण ‘विठाई माउली’ म्हणतो. मला नवे वाटते ते बाईने पुरुष होऊन बोलणे, आणि त्याहूनही, शेवटी दोन्ही रूपे बाजूला ठेवणे. आणखी एक : घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. कवयित्रीने तरीही ‘जास’ लिहिले, त्यामुळे या जाण्याला मरणाची छटा आहे.

प्रश्नकर्ती (अमळनेर) : मरणाची छटा टिपेत घातली तर ओळ एकाच अर्थाला बांधली जाईल, म्हणून ती वाचकावर सोडते. ‘तठे – तिथे, आठे – इथे, जास – जाणे या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप, स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच’ एवढीच टीप छापत आहोत. ‘आंग’ला टीप नाही.