‘मेंबरांच्या पोरांची परदेशवारी’ या पोस्टला उत्तर

निवृत्त_चिटणीस
काल इथे फटकळ यांनी दोन ओळी टाकल्या: "सेवा क्लबांच्या आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्या म्हणजे मेंबरांच्या पोरांची परदेशवारी. सेवा कसली, आपापसातली भिशी आहे ती." त्यावर नेहमीच्या मंडळींनी टाळ्याही पिटल्या. मी २२ वर्षं रोटरी या सेवा क्लबात आहे, त्यातली ४ वर्षं यूथ एक्स्चेंजचं, म्हणजे शाळकरी मुलांच्या परदेशी देवाणघेवाणीचं काम पाहिलं. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मुळात दोन गोष्टींची गल्लत झालीय. शिष्यवृत्ती वेगळी, एक्स्चेंज वेगळा. रोटरी फाउंडेशन म्हणजे रोटरीचा देणगी-निधी सांभाळणारी संस्था. तिच्या ग्लोबल ग्रांट या अनुदानातून मिळणारी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी असते. तिला मेंबर स्वतः, त्याची बायको, मुलं, नातवंडं, सुना-जावई, आईवडील, आजीआजोबा, सगळे अपात्र. बरं, राजीनामा देऊन पळवाट काढावी म्हटलं तर राजीनाम्यानंतरही ३६ महिने थांबावं लागतं. शांतता विषयाच्या शिक्षणासाठी रोटरी जी पीस फेलोशिप देते, तिलाही हीच बंदी आहे.

माझ्या मुलीला बाहेर जाऊन पाणी व्यवस्थापनात एमएस करायचं होतं. विषय अगदी ग्रांटच्या चौकटीतला, मार्क होते, प्रवेशही मिळाला होता. अर्जसुद्धा करता आला नाही, कारण बाप मेंबर. तिने कर्ज काढलं आणि ती अजून हप्ते भरतेय. भिशी म्हणे!

आणि ही काही कालपरवाची टूम नाही. १९१७ मध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लंफ यांनी निधीची कल्पना मांडली तेव्हा पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची. १९४७ मध्ये संस्थापक पॉल हॅरिस गेले, त्यानंतर देणग्यांचा ओघ लागला आणि त्यातून १८ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी परदेशी शिकायला गेली. पुढे याच वाटेने गेलेल्यांत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झालेले पॉल व्होल्कर आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त झालेल्या सदाको ओगाता आहेत. फटकळ, ही कोणत्या मेंबरांची पोरं?

फटकळ
दोन ओळींना एवढं उत्तर! कुठेतरी लागलंय म्हणायचं.

नियमाची वही तुमच्याकडे असेल, मी दारात उभा राहून आलोय. सार्वजनिक आरोग्य हा माझा विषय. आमच्याकडच्या एका सेवा क्लबकडे गेलो, नाव घेत नाही. पहिला प्रश्न काय विचारला असेल? मार्क? विद्यापीठ? नाही. "क्लबात कोण ओळखीचं आहे?" कोणी नाही म्हटल्यावर, पुढच्या बैठकीत बघू. अशा तीन पुढच्या बैठका झाल्या. चौथ्या वेळी कळलं की त्या वर्षीचं नाव कधीच गेलंय. कुणाचं? एका माजी अध्यक्षांच्या पुतणीचं.

आता तुमची यादी परत वाचा. मुलं, नातवंडं, सुना, जावई, आजोबा. पुतणी आहे का त्यात? भाचा आहे? धंद्यातल्या भागीदाराचा मुलगा आहे?

निवृत्त_चिटणीस
पुतणी यादीत नाही, हे खरं. थेट वर आणि थेट खाली एवढीच बंदी आहे. पण पुतणी हुशार असूच शकत नाही असा काही नियम आहे का?

फटकळ
नाही ना. हुशार असलेल्या पण काका नसलेल्या मुलांसाठी मात्र नियम आहे. पुढची बैठक.

तर्कट
दोघेही भावनेत वाहवताय, म्हणून थोडे आकडे. ग्लोबल ग्रांटचं किमान अंदाजपत्रक ३०,००० डॉलर असतं. एक क्लब किंवा डिस्ट्रिक्ट (म्हणजे एका भागातल्या क्लबांचा गट) विद्यार्थ्याच्या देशातलं आणि एक तो जिथे शिकणार तिथलं, असे दोन प्रायोजक लागतात. डिस्ट्रिक्टने आपल्या निधीतून टाकलेल्या रकमेवर फाउंडेशनच्या जागतिक निधीतून ८० टक्के भर मिळते. २०२१ च्या आधी ती १०० टक्के होती. आणि डिस्ट्रिक्टचा निधी म्हणजे तरी काय? तिथल्या सभासदांनी तीन वर्षांपूर्वी दिलेल्या देणग्यांचा परत आलेला वाटा. म्हणजे खिसा मेंबरांचाच आहे. स्वतःच्या खिशातून देणारा माणूस ओळखीच्याला देणार, यात आश्चर्य कसलं?

माझा आक्षेप वेगळाच आहे. जुनी अॅम्बॅसडोरियल शिष्यवृत्ती कुठल्याही विषयाला मिळायची. २०१३ मध्ये ती बंद केली. आता ग्लोबल ग्रांटची सात क्षेत्रं: शांतता, रोगनिवारण, पाणी, माता-बालआरोग्य, शिक्षण, आर्थिक विकास, पर्यावरण. यात कविता वाचणारा कुठे बसवायचा? चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट १९६५ मध्ये रोटरीच्या पैशावर केपटाऊनला शिकायला गेले होते. आज तेच अर्ज घेऊन आले तर चिटणीस त्यांना सांगतील, "बाळ, विहीर खणायला शिक, मग ये."

निवृत्त_चिटणीस
तर्कट, डिस्ट्रिक्ट ग्रांटमधून आजही कुठल्याही विषयाला मदत देता येते, सात क्षेत्रांची अट तिथे नाही. रक्कम लहान असते, हे मान्य.

दोन_कप
२०१३ चा विषय निघालाच आहे तर माझीही रड ऐका. त्याच सपाट्यात ग्रुप स्टडी एक्स्चेंजही गेला. १९६५ पासून चालला होता. २५ ते ४० वयाचे नोकरी-धंद्यातले चारपाच जण, सगळे बिगरमेंबर, सोबत प्रमुख म्हणून एक मेंबर, आणि चार-सहा आठवडे परक्या देशात लोकांच्या घरी राहून आपल्या पेशाचं काम बघायचं. मी शाळामास्तर, क्लबात कुणाला ओळखत नव्हतो, कॉलेजच्या फळ्यावर जाहिरात वाचून गेलो. तिथे एका शिक्षिकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून जे पाहिलं त्यावर मी पुढची पंधरा वर्षं शिकवलं. आता त्याजागी व्होकेशनल ट्रेनिंग टीम, म्हणजे पेशाच्या प्रशिक्षणाचा गट आहे, तीही क्षेत्रात बसवा, अहवाल द्या, परिणाम मोजा. नुसतं बघून यायला आता कोणी पाठवत नाही.

माजघर
शिष्यवृत्तीचं तुमचं चालू द्या. चिटणीसांनी यूथ एक्स्चेंजचा विषय हळूच बाजूला सारलाय, तो मी उचलते.

या एक्स्चेंजची जाहिरात कशी असते? १५ ते १९ वयाची मुलं, वर्षभर परदेशात, राहणं-जेवण मोफत, शाळा मोफत. मोफत म्हणजे कुणाच्या जिवावर, हे त्या कागदावर नसतं. यजमान घराला एक पैसा मिळत नाही. मी तीन वेगवेगळ्या वर्षी तीन मुलं सांभाळलीत, प्रत्येक वेळी चारेक महिने. मेंबर माझा नवरा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी होते, मुलाखत होते, घर बघायला येतात. ते व्हायलाच हवं, तक्रार नाही. पण मुलाखतीत सगळे प्रश्न मला. कुठे झोपेल, डबा कोण देईल, आजारी पडली तर कोण थांबेल. आणि वर्षअखेरीच्या कार्यक्रमात स्टेजवर कोण? हे.

दुसऱ्या वर्षीची मुलगी सोळाची. तिसऱ्या महिन्यात खोलीबाहेर येईना. सल्लागार म्हणून नेमलेले गृहस्थ महिन्याला फोन करायचे, ती "आय अॅम फाइन" म्हणायची, ते वहीत लिहायचे. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. रात्री मी तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून स्वेटर विणत बसायचे. नवव्या का दहाव्या रात्री ती बाहेर आली, शेजारी बसली आणि लोकरीचा गुंडा हातात धरला. बस्स, एवढंच. अहवालात काय लिहिलं माहीत आहे? "विद्यार्थिनी रुळली, क्लबचे सहकार्य उत्तम."

सावली
माजघरताई, डोळ्यांत पाणी आणलंत.

खिडकीतला
रडारड पुरे. जबरदस्ती केली होती का कुणी? नाही म्हणायचं होतं. हल्ली घरात पाणी दिलं तरी त्याचं ‘अदृश्य श्रम’ होतं.

माजघर
नाही म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं, भाऊ. मला बातमी कळली ती "मी क्लबात हो सांगून आलोय" अशी.

तर्कट
अवांतर आहे, पण नोंदवून ठेवतो. या संस्थेने बायकांना सभासद करून घेतलं १९८९ मध्ये, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल विरुद्ध गेल्यावर. स्थापना १९०५. म्हणजे ८४ वर्षं पाहुणे पुरुषांनी बोलवायचे आणि सांभाळायचे बायकांनी, ही रीतच होती. खिडकीतला यांना ती रीत परत हवी असेल तर तसं सांगावं.

खिडकीतला
माझ्या तोंडी शब्द घालू नका. माझी आईसुद्धा...

माजघर
तुमच्या आईलाच लिहू द्या ना इथे. तुम्ही कशाला?

निवृत्त_चिटणीस
धागा शिष्यवृत्तीचा आहे! शिवाय ताई, यजमान घर मेंबरचंच पाहिजे अशी अट नाही. आणि विद्यार्थी एकाहून जास्त घरांत फिरतो तो याचसाठी, की एकाच घरावर ओझं पडू नये.

माजघर
वा! म्हणजे ओझं आहे हे तुम्हाला माहीत आहे. फक्त तीन बायकांत वाटून दिलंत.

निळा_कोट
मी एक्स्चेंजवर गेलेला. दोन्ही बाजूंनी बोलणार, शिव्या दोन्हीकडून चालतील.

फटकळ यांचं ‘परदेशवारी’ एक्स्चेंजपुरतं बरंचसं खरं आहे. मेंबरांच्या मुलांना इथे बंदी नाही. माझ्या तुकडीत निम्म्याहून जास्त तीच होती, मीही त्यातलाच. राहणं-जेवण यजमानाकडे, पण विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आपल्याच खिशातून. ज्याच्या घरी तेवढे पैसे नाहीत तो अर्जापर्यंत येतच नाही. त्यामुळे ‘गुणवत्तेवर निवड’ वगैरे ऐकलं की मला हसू येतं. जे आले त्यांच्यातली गुणवत्ता, एवढंच.

पण वारी म्हणाल तर तसं नाही. दारू नाही, ड्रग्ज नाही, गाडी चालवायची नाही, प्रेमात पडायचं नाही, हे चार ‘डी’ (ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग) मोडले तर पुढच्या विमानाने घरी. पहिल्या घरी मी भिंतीशी बोलायचो. दुसऱ्या घरच्या आईने पहिल्याच दिवशी हातात झाडू दिला, "पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवसापासून माझा" म्हणाली. त्या झाडूने मला जेवढी भाषा शिकवली तेवढी शाळेने नाही. एक्स्चेंजचा बिल्ले लावलेला निळा कोट अजून कपाटात आहे. त्यावर तिने शिवलेलं एक बटण आहे, तेवढं एकच बिल्ला नसलेलं.

माजघरताई, तिला मी वर्षातून एकदा फोन करतो. तिच्या नवऱ्याचं नाव आठवायला मला आत्ता विचार करावा लागला.

माजघर
हे वाचून बरं वाटलं. राग गेलेला नाही.

फटकळ
निळा_कोट खरं बोलला, म्हणून मीही बोलतो. मुलांना शिष्यवृत्तीची बंदी आहे हे मला माहीत नव्हतं. चिटणीसांच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, उपरोध नाही. म्हणून वाक्य मागे घेतो. अर्धं. ‘मेंबरांच्या पोरांची’ याऐवजी ‘मेंबरांच्या पुतण्यांची’ असं वाचावं.

निवृत्त_चिटणीस
उदार झालात. मीही थोडं देतो. जाहिरात आम्ही बैठकीत वाचून दाखवतो, म्हणजे ज्यांना अर्ज करता येत नाही त्यांनाच ती कळते. हे लिहिताना मलाच विचित्र वाटलं. यंदा कॉलेजांच्या फळ्यांवर लावायला सांगतो, दोन_कप म्हणाले तशी. आणि पीस फेलोशिपसाठी क्लबचं तोंड बघत बसू नका. अर्ज ऑनलाइन आहे, मुदत १५ मेपर्यंत असते. उप्साला, ब्रॅडफर्ड, मकेरेरे अशी विद्यापीठं आहेत. मास्टर्सला तीन वर्षांचा अनुभव लागतो, सर्टिफिकेटला पाच. फटकळ, तुमचा विषय बसेल त्यात, बघा.

फटकळ
माझं लग्न झालं, नोकरी लागली, कर्ज आहे. दहा वर्षं उशीर केलात. धाकट्या बहिणीला सांगतो.

माजघर
चिटणीस, स्टेजवरच्या प्रमाणपत्राचं काय?

निवृत्त_चिटणीस
दोघांची नावं घालू. आधी बाईंचं. लेखी देऊ का?

आता माझी अडचण ऐका. ऑगस्टमध्ये एक मुलगा येतोय, घरं दोनच मिळालीत. तिसऱ्याचा शोध चालू आहे. फटकळ, मघाशी सांगितलंच, यजमान मेंबर असण्याची अट नाही. चार महिने, एक खोली. एवढी टीका करताय तर एकदा आतून बघा.

फटकळ
हं. खोली आहे. आईला आणि बायकोला विचारून सांगतो.

माजघर
विचारताय, हेच नशीब. डबा कोण देणार तेही तेव्हाच विचारून घ्या.