बागेतला कोळशाचा बार्बेक्यू: तयार केटल घ्यावी की जाड पत्र्याचा बनवून घ्यावा?

वाडीवाला:
नागावला आमची वाडी आहे, समुद्र अगदी जवळ. तिथे कायमचा बाहेर राहील असा कोळशाचा बार्बेक्यू करायचाय आणि त्यावरून घरात आणि मित्रांमध्ये जोरात वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. माझं मत पक्कं आहे. कोकण किनाऱ्यावर तयार केटलच्या, म्हणजे झाकणवाल्या गोल बार्बेक्यूच्या, फंदात पडू नये, जवळच्या ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ एमएम एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) प्लेटचा पेटारा बनवून घ्यावा.

कारण सांगतो. ऑनलाइन जे स्वस्तातले मिळतात त्यांचा पत्रा एक एमएमसुद्धा नसतो. वर्णनात '२० गेज हेवी ड्युटी' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं वीस म्हणजे जाड, पण गेजचं उलटं असतं, आकडा वाढला की पत्रा पातळ, २० गेज म्हणजे जेमतेम ०.९ एमएम. त्यावर निखारे पेटले की तळ वाकतो, रंग पापुद्र्यांनी सुटतो, मग खारी हवा आणि पाऊस मिळून बाकीचं काम करतात. आमच्या आळीत असे दोन-तीन पडलेले आहेत, तळाला बोट लावलं तर आरपार जाईल. ३ एमएम प्लेटलाही गंज येणारच, नाही कोण म्हणतंय, पण ती खाऊन टाकायला गंजाला खूप वर्षं लागतात, आणि वरचेवर तारेचा ब्रश मारून तेलाचा हात दिला तर वर काळा थर धरतो.

माप असं धरलंय: ६० बाय ४० सेंमी, खोली २० सेंमी. प्लेटच साधारण १५ किलोची होईल, पाय-जाळी धरून २०-२२, म्हणजे दोघांनी उचलून पडवीत नेता येईल. जाळी १० एमएम सळईची. ती गेली तर गावातला कोणीही वेल्डिंगवाला तासाभरात नवी करून देतो, पार्टची वाट बघत बसायला नको. टिकाऊ कशाला म्हणायचं तर जे आपल्या गावात दुरुस्त होतं त्याला, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांना पटत नसेल त्यांनी बोला.

केटलप्रेमी:
अजिबात पटत नाही. तुम्ही स्वस्तातला भंगार माल बघून सगळ्या केटलना नावं ठेवताय. चांगली केटल नुसता रंग मारलेली नसते, तिच्यावर इनॅमल असतं, म्हणजे काचेचा थर आठशे अंशाच्या आसपास भट्टीत भाजून पत्र्याशी एकजीव केलेला. तो सोलत नाही, जळत नाही, पावसाला दाद देत नाही. ही केटल आली कुठून तेही बघा, १९५२ मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणारे लोखंडी बोये बनतात त्याच्या अर्ध्या गोळ्यापासून पहिली बनवली. उघड्या बार्बेक्यूवर वारा-पाऊस आला की स्वयंपाकाचं वाटोळं व्हायचं म्हणून तर झाकण दिलं त्यांनी.

आणि खरा मुद्दा झाकणाचाच आहे, तो तुम्ही काढलाच नाही. तुमच्या पेटाऱ्यावर काय होणार? कबाब, बांगडे, कणसं, पनीर. अख्खी कोंबडी कशी करणार? बाहेरून कोळसा, आतून कच्ची. केटलमध्ये निखारे एका बाजूला सारायचे, कोंबडी दुसऱ्या बाजूला, झाकण लावायचं, खालचा-वरचा झरोका अर्धा ठेवायचा, तास-सव्वा तासात हाडापर्यंत शिजते. शिवाय शिजून झाल्यावर दोन्ही झरोके बंद केले की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. तुमच्या उघड्या पेटाऱ्यात सगळा जळून राख, दर वेळी नवी पिशवी.

वाडीवाला:
इनॅमल मान्य, पण टवका उडाला की? जुन्या इनॅमलच्या टमरेलाला जिथे टवका उडतो तिथूनच गंज चालू होतो ना, तसंच होणार. वाडीत पोरं असतात, नारळ पडतात, झावळ्या पडतात. आणि अलिबागच्या बाजारात त्या केटलची जाळी मिळत नाही, हा मुद्दा तुम्ही सोडून दिलात.

धातुवेडा:
दोघेही एका गोष्टीवर बोलत नाही आहात, स्टेनलेस. मी फॅब्रिकेशनच्याच लाइनमध्ये आहे. रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं 'एमएस नको, स्टीलचा करा, आयुष्यभर टिकेल'. त्यांना मी आधी विचारतो, कुठलं स्टील? बाजारात 'एसएस' म्हणून सर्रास २०२ गळ्यात मारतात, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, चकाकतं छान पण खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. ३०४ त्यापेक्षा बरंच बरं, १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. तरी समुद्राला लागून तेही तपकिरी पडतं, तिथे खरं ३१६ लागतं कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला तोंड देतं, पण त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक गप्प होतं. चुंबक लावून ३०४ ओळखता येतं असं जे सांगतात त्यावर जाऊ नका, २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या, टेस्टिंगचं केमिकल असतं ते समोर टाकायला सांगा.

शिवाय स्टेनलेस उष्णता पसरवत नाही, साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, आणि फुगतं मात्र जवळजवळ दीडपट. त्यामुळे पातळ स्टेनलेसचा डबा निखाऱ्याखाली हमखास वाकडा होतो. म्हणून माझं मत: पेटारा एमएसचाच, वाडीवाल्यांशी सहमत, पण जाळी मात्र ३०४ च्या ८ एमएम बारची. अन्न जिथे लागतं तिथे पैसे घाला. क्रोम प्लेटिंग केलेल्या तारेची जाळी घेऊच नका, प्लेटिंग सुटून मासळीला लागतं.

आणि एक, हात जोडून सांगतो, जीआय पत्रा वापरू नका. 'गंजत नाही' म्हणून लोक तो आणून देतात. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त ४२० अंशाला वितळतं, निखारे सहाशे-सातशेच्या वर सहज जातात, तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्या पोरांना विचारा. साधं पावडर कोटिंगपण नको, दोनशे अंशाच्या पुढे ते जळायला लागतं. करायचाच तर सिलिकॉनवाला हीट रेझिस्टंट पेंट, सहाशे अंशांचा मिळतो, तोही बाहेरूनच.

चिरेबंदी:
लोखंडाच्या मागे कशाला लागलाय सगळे? आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे लोखंड बाहेर ठेवायचंच कशाला. चिऱ्याचा ओटा बांधा, मध्ये खोलगट जागा ठेवा, वर जाळी टाका, झालं. आमच्या गावी रत्नागिरीकडे असा ओटा आहे, पिढी गेली तरी हललेला नाही.

धातुवेडा:
ओटा चिऱ्याचा करा, पण निखारे थेट चिऱ्यावर नको. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो आणि ओल्या दगडाखाली एकदम जाळ केला की आतल्या वाफेने तडकतो, कपच्या उडतात. आतून भट्टीच्या विटा लावा, आणि जोडायला साधं सिमेंट नको, चारशे-साडेचारशे अंशाला त्याची पकड सुटते. फायर क्ले, म्हणजे जाळ सोसणारी माती, मिळते ती वापरा. बांधल्यावर निदान आठवडाभर सुकू द्या, मग छोटे छोटे जाळ करून तापवा.

चिरेबंदी:
हे गवंडी कधी सांगत नाहीत. बरोबर आहे, आमच्याकडे जाळ मातीच्या थरावर असतो, चिऱ्यावर नाही, म्हणून टिकला असेल. तरी माझा मुद्दा तोच, ओटा चोरीला जात नाही आणि वाऱ्याने पडत नाही.

ह्यूस्टनकर:
इथे टेक्सासमध्ये आमच्याकडे दमट हवा आणि गल्फचा वारा दोन्ही आहे, त्यामुळे कोकणाशी बरंच जुळतं. मी दोन्ही बाजूंना सोडून तिसरं सांगतो, सिरॅमिकचा कमाडो. जपानी मातीच्या चुलीवरून आलेला प्रकार, भिंती जाड, थोड्या कोळशावर तासन्‌तास एकच तापमान धरतो, आणि सिरॅमिकला गंज चढतच नाही. तोटा एकच, ७०-७५ किलो वजन, आणि पडला तर दुरुस्ती नाही. इथे शेजारी रात्रभर मांस ठेवतात त्यात, सकाळी सुद्धा निखारा जिवंत.

वाडीवाला:
साहेब, तो भारतात आणायचा खर्च बघितलात तर त्यात माझी अख्खी पडवी होईल. आणि आम्ही रात्रभर मांस शिजवत नाही, बांगडा पाच मिनिटांचा खेळ आहे.

निखारा_ताई:
सगळे दादा धातूवर बोलतायत, राखेवर कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. बार्बेक्यू पावसाने जेवढा मरत नाही तेवढा राखेने मरतो. पार्टी झाली, दमले सगळे, 'सकाळी बघू' म्हणून राख तशीच. राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात, की ती ओली राख पत्र्याला चिकटून बसते आणि खालून खात राहते. मग पत्रा ३ एमएम असो नाहीतर इनॅमलची केटल असो. केटलमध्ये सुद्धा आधी जातं काय, तर आतली कोळशाची जाळी आणि राख काढायची पाती, भांडं नाही.

आमच्याकडे ठाण्याला बंगल्याच्या मागे साधाच आहे, महागडा नाही. नियम एवढाच की दुसऱ्या दिवशी राख थंड झाली की आधी ती बाहेर. राख पूर्ण थंड झाली असं वाटलं तरी आत निखारा असतो, म्हणून पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत नाही. मग जाळीला तेलाचं फडकं. आणि प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून ठेवू नका हो, आत ओलावा कोंडतो आणि उघडं ठेवलं असतं त्यापेक्षा जास्त गंज येतो. कव्हर घालायचंच तर खालून वारा जाईल असं. मे संपत आला की जाळ्या काढून, पेटारा उपडा करून पडवीत विटांवर ठेवा.

वाडीवाले दादा, तुमच्या मापात राखेचा ट्रे कुठे आहे? तो नसेल तर ३ एमएम काय नि ५ एमएम काय, तुम्ही फक्त मुदत वाढवताय.

केटलप्रेमी:
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. म्हणूनच म्हणतो, चांगल्या केटलच्या बुडाला पाती असतात, दांडा इकडे-तिकडे केला की राख खालच्या भांड्यात. लोक राख का काढत नाहीत, तर काढणं कटकटीचं असतं म्हणून. जे सोपं असतं तेच माणूस करतो.

पोपटीवाला:
रायगडातला माणूस आहे म्हणून राहवत नाही. थंडीत नागावला बसून बार्बेक्यूची चर्चा करताय, आणि पोपटीचं नाव नाही? मडकं, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करून भोवती पेंढा-लाकडं पेटवायची, अर्ध्या तासात तयार. ना गंज ना पार्ट. बागेत मोकळी जमीन असेल तर आधी पोपटीची जागा राखून ठेवा, मग काय ते लोखंड आणा.

वाडीवाला:
पोपटी तर होतेच हो दरवर्षी, ती वेगळी आणि हे वेगळं. पण शेंगांचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, पाहुणे वर्षभर येतात.

ताईंचा मुद्दा पटला आणि तो डिझाइनमध्ये घेतोय. तळ सपाट न करता निखाऱ्यांसाठी १२ एमएम सळईची उचलता येणारी जाळी तळापासून ५ सेंमी वर, आणि खाली समोरून ओढायचा ट्रे. ट्रे झिजला तर नवा करू, तो झिजण्यासाठीच आहे. निखारे आणि वरची जाळी यात १०-१२ सेंमी अंतर आणि बाजूला दोन खाचा, म्हणजे कबाबाला खाली, सुरमईला वर. केटल मात्र घेत नाही. झाकण करतो, प्लेट वाकवून, बिजागरीवर, दोन्ही बाजूंना झरोके. मग तुमची अख्खी कोंबडी पण होईल.

केटलप्रेमी:
नाही होणार, किंवा झाली तरी कोळसा विझणार नाही. हाताने वाकवलेलं झाकण कडेला बसत नाही, चारी बाजूंनी हवा घेतं. आणि तुमचा ओढायचा ट्रे, त्याच्या फटीतून तर सरळ वारा आत. झरोके शोभेला राहतील. केटलचं झाकण एका साच्यात दाबलेलं असतं म्हणून ते घट्ट बसतं, हे फॅब्रिकेशनमध्ये येत नाही.

धातुवेडा:
येतं, पण सांगून करून घ्यावं लागतं. झाकणाच्या कडेला आतून २० बाय ३ एमएमची पट्टी फिरवायची, ती पेटाऱ्याच्या आत उतरते, आणि कडेवर काचेच्या धाग्याची दोरी, लाकडाच्या शेगड्यांच्या दाराला असते ती, पाचशे अंशांपर्यंत चालते. ट्रेच्या तोंडाला बाहेरून एक फ्लँज (बाहेर काढलेली कड) आणि दोन खिट्ट्या, म्हणजे दाबून बसतो. केटलइतकं घट्ट नाही होणार हे खरं, पण निखारे विझण्याइतकं होतं. बिजागऱ्या मात्र गेटच्या घ्या, दाराच्या पितळी नको, आणि झाकणाला मागे साखळी लावा, नाहीतर १० किलोचं झाकण मागे पडून पहिल्याच दिवशी बिजागरी उपटेल.

केटलप्रेमी:
साखळी, दोरी, फ्लँज, खिट्ट्या. एवढ्या सगळ्याचा हिशेब लावून इथे टाका, मग किमतीवर बोलू.

निखारा_ताई:
हिशेबात झाकणाचा दांडा लाकडी धरा, सळईचा नको. आणि पाऊस आला म्हणून पेटता बार्बेक्यू बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये ओढू नका, कोणाचाही असला तरी. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो.