मदत हवी आहे : हुमायून शाह बहमनी खरंच इतका 'जालीम' होता का?

नमस्कार मंडळी,

दिल्लीचा हुमायून नव्हे, बिदरचा बहमनी सुलतान. 1458 ते 1461, जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची कारकीर्द, तीही बंडाळीत गेलेली. नात्यातल्या सिकंदर खानाने तेलंगणात बंड केलं. पुढे सुलतान तिकडच्या मोहिमेत अडकलेला असताना भाऊ हसन खान बिदरच्या कैदेतून सुटला. परतल्यावर हुमायूनने जो सूड घेतला, त्याची फरिश्ता या फारसी इतिहासकाराने दिलेली वर्णनं (हिंस्र श्वापदं, उकळत्या कढया) वाचवत नाहीत.

माझी शंका इथेच आहे. फरिश्ता लिहितो ते जवळजवळ दीडशे वर्षांनी. महमूद गवानसारखा जाणता मंत्री याच सुलतानाच्या पदरी होता, आणि मृत्यूनंतर आठ वर्षांच्या निजाम शाहाला गादीवर बसवून राणीने गवानच्याच मदतीने कारभार चालवला. तरी नजीरी कवीने हुमायूनच्या मृत्यूचं साल 'जौक-ए-जहान', म्हणजे जगाचा आनंद, या शब्दांत गुंफलं. फारसी अक्षरांना ठरलेले अंक असतात; त्यांची बेरीज बरोब्बर हिजरी 865! एवढा राग उगाच येत नसावा.

तर, गवानच्या फारसी पत्रांत या वर्षांबद्दल काय सापडतं? मराठी किंवा इंग्रजी अनुवाद कुठे मिळेल? आणि बिदरजवळच्या अष्टूरला हुमायूनच्या कबरीचा घुमट वीज पडून दुभंगला म्हणतात, त्याला काही लेखी आधार आहे का? दंतकथा नकोत, त्या गाइडकडून भरपूर ऐकल्यात.