अनुभव धागा: नको ती फाईल उडवली आणि कम्प्युटर उठेचना

माळ्यावरचा
दिवाळीची साफसफाई चालू आहे, काल माळा काढला. जुन्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, बाबांची रेडिओची लायसनं आणि एका बिस्किटाच्या डब्यात एक पिवळी पडलेली फ्लॉपी. वर बॉलपेनने लिहिलंय "बूट. हात लावू नये." बूट म्हणजे कम्प्युटर चालू करायची. ती बघितली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा घाम परत फुटला.

साल २०००, मी दहावीत, गाव इचलकरंजी. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून कम्प्युटर घेतला होता. विंडोज ९८, ३२ एमबी रॅम, हार्ड डिस्क ४.३ जीबी, आणि वर आईने शिवलेलं झालरीचं कव्हर. मित्राकडून गेम आणला तर जागा कमी पडायला लागली म्हणून मी सी ड्राईव्हमध्ये शिरून "कचरा" काढायला बसलो. तिथे एक फाईल दिसली, कमांड डॉट कॉम. तेव्हा जिकडेतिकडे डॉट कॉमचीच हवा, पेपरात डॉट कॉम, रिक्षाच्या मागे डॉट कॉम. मला वाटलं सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आलेली कुठलीतरी वेबसाईट असणार. आपल्याकडे इंटरनेटच नाही तर वेबसाईट कशाला ठेवायची? उडवली. रिसायकल बिनही साफ केला, मी पहिल्यापासून टापटीप.

दुसऱ्या दिवशी चालू केला तर काळी स्क्रीन. कमांड डॉट कॉम सापडत नाही किंवा खराब आहे, आणि खाली "टाईप द नेम ऑफ द..." पुढे काहीतरी. मी तेवढंच वाचलं. माझं नाव टाईप केलं, एंटर. परत तेच. मग बाबांचं नाव टाकलं, कारण बिल त्यांच्या नावावर होतं. आडनावासकट.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, मधेच लाईट गेली ना, तेव्हापासून असं होतंय. दुरुस्तीवाला आला, दहा मिनिटं बघितलं, म्हणाला हार्ड डिस्क गेली, साडेचार हजार. आई आत जाऊन बसली. शेवटी वरच्या मजल्यावरचा दादा, पॉलिटेक्निकला होता, तो ही फ्लॉपी घेऊन आला. फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, एस वाय एस, स्पेस, सी, कोलन, एंटर. "सिस्टम ट्रान्सफर्ड." फ्लॉपी काढली, परत चालू केलं, आणि तो विंडोजचा आवाज! मला आरती ऐकल्यासारखं झालं. दादाने एक बशी शिरा खाल्ला आणि फ्लॉपी आमच्याकडेच ठेवून गेला.

खरी गंमत मला कॉलेजात कळली. कमांड डॉट कॉम ही वेबसाईट नव्हे, मशीन चालू होताना लागणारी विंडोजचीच फाईल. स्क्रीनवर ते "टाईप द नेम" लिहिलेलं होतं ना, त्याच्या पुढेच कंसात उदाहरण म्हणून सी, विंडोज, कमांड डॉट कॉम असा अख्खा पत्ता दिलेला असतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये त्या फाईलची दुसरी प्रत असायचीच. तो पत्ता जसाच्या तसा टाईप केला असता तरी गाडी पुढे सरकली असती. उत्तर समोर होतं आणि मी बापाचं नाव टाकत बसलो.

तुमचेही येऊ द्या.

उगाचच
आडनावासकट 😂😂 वडिलांचं मधलं नाव राहिलं म्हणून चालू झाला नसेल

चिंगी७७
अगं बाई, झालरीचं कव्हर! आमच्याकडे कीबोर्डला वेगळं, माऊसला वेगळं टोपडं होतं. आणि चप्पल काढून आत जायचं.
माझा किस्सा उलटा आहे. २००२, मी एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग आणि कम्प्युटर दोन्ही शिकवायचे. एक मेल आला, तुमच्या मशीनमध्ये अस्वलाचं चित्र असलेली एक फाईल असेल, तो व्हायरस आहे, १४ दिवस गप्प बसतो आणि मग सगळं खातो, शोधा आणि उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. शोधलं तर खरंच होती हो! इवलंसं राखाडी अस्वल. मी लॅबमधल्या अकराच्या अकरा मशीनमधून ते अस्वल हाकललं, ओळखीच्या सगळ्यांना मेल केला, सरांनी माझं कौतुक केलं आणि चहा मागवला. महिन्याभराने कळलं की तो मेलच थाप होता, ती फाईल विंडोजचीच होती, जावाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. नशीब, तिच्यावाचून कोणाचं काही अडलं नाही, सगळी मशीनं रोजच्यासारखी चालू होत राहिली. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

निशाचर_०१
चिंगीताई तो मेल मला पण आला होता, बहुतेक तुमच्याकडूनच

चिंगी७७
😳 कुठल्या इन्स्टिट्यूटला होतास रे तू

तात्या_डीटीपीवाले
आमचं दुकान कोल्हापूर, लग्नसराईचे दिवस. विंडोज एक्सपी होतं. कामाला ठेवलेल्या पोराने लपवलेल्या फाईली दाखवायची सेटिंग चालू केली आणि फिक्कट फिक्कट दिसणाऱ्या सगळ्या फाईली खराब झाल्यात समजून बूट डॉट आयएनआय सकट दोनचार उडवल्या. चालू करताना मेसेज काय, तर एचएएल डॉट डीएलएल नाही. दोन दिवस आम्ही त्या डीएलएलच्या मागे. दुसऱ्या मशीनवरून आणून टाकली, सीडीवरून आणून टाकली, काही नाही. ती फाईल जाग्यावर व्यवस्थित होती हो! आमचं विंडोज दुसऱ्या पार्टिशनवर, आणि ते कुठे आहे हा पत्ता असतो त्या बूट डॉट आयएनआयमध्ये. पत्ताच गेला तर ते पहिल्या पार्टिशनवर जाऊन शोधतं, तिथे कोण नाही म्हणून डीएलएल हरवली म्हणून ओरडतं. पोस्टमन चुकीच्या गल्लीत आणि म्हणतोय माणूस मेला. शेवटी एका जाणकाराने सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून बूटसीएफजी रीबिल्ड केलं, पाच मिनिटांचं काम.

पण त्या दोन दिवसांत काय झालं ते ऐका. पत्रिका तर द्यायच्या होत्या. हार्ड डिस्क काढली, मागचा जंपर बदलून स्लेव्ह केली, शेजारच्या दुकानातल्या मशीनला लावली. सगळ्या फाईली जशाच्या तशा! डोळ्यात पाणी. उघडल्या तर त्या मशीनवर आमचे मराठी फॉन्ट नाहीत. "चि. सौ. कां." च्या जागी नुसती कुत्र्यामांजराची भाषा, टिंबं, डॉलर, प्रश्नचिन्हं. नवरीचा बाप समोर बसलेला. म्हणाला ही कुठली लिपी? मी म्हटलं मोडी.

उगाचच
मोडी 🙏🙏 तात्या, दंडवत

माळ्यावरचा
तात्या, पोस्टमनचं भारी आहे. पोराचं काय केलंत पुढे?

तात्या_डीटीपीवाले
पोरगं आता स्वतःचं दुकान चालवतं, समोरच.

स्वरा_आई
अनुभव नाही पण मदत हवी आहे, इथेच विचारते. नवऱ्याने लॅपटॉपमध्ये जागा करायला काहीतरी उडवलंय, सांगत नाही काय ते. काळ्या स्क्रीनवर नो बूटेबल डिव्हाइस येतंय. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करावं लागेल. त्यात मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो आहेत. कुकर लावलाय, घाईत लिहितेय.

निशाचर_०१
फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. आधी सगळे पेनड्राईव्ह, कार्ड, प्रिंटरची वायर काढा आणि चालू करून बघा. हसू नका, निम्म्या वेळा तेवढंच असतं. हॉस्टेलला असताना एनटीएलडीआर इज मिसिंग आलं म्हणून अख्खी रात्र आम्ही रडलो, सकाळी बघतो तर ड्राईव्हमध्ये कोणाची तरी फ्लॉपी अडकलेली, मशीन बिचारं तिच्यात विंडोज शोधत होतं.

ग्रबदास
निशाचर बरोबर. ताई, पेनड्राईव्ह नसेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जाऊन बघा हार्ड डिस्कचं किंवा एसएसडीचं नाव दिसतंय का. दिसत असेल तर बहुतेक नुसतं बूट गेलंय, फोटो जागेवर असण्याची शक्यता बरीच. दुसऱ्या कम्प्युटरवर उबुंटूचा (विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स) पेनड्राईव्ह बनवा (८ जीबीचा पुरतो), त्यावरून लॅपटॉप चालू करा, तिथे "ट्राय" निवडा, "इन्स्टॉल" नको. नको म्हणजे नको! मग तुमची डिस्क फोल्डरसारखी उघडेल, फोटो दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. फोटो हातात आले की मग बूट दुरुस्त करा नाहीतर फॉरमॅट करा, काय फरक पडतो. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची की, म्हणजे किल्ली मागेल, ती बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सेव्ह असते.

आणि आता माझी लाज. इंजिनीअरिंग, तिसरं वर्ष, विंडोज ७ च्या शेजारी लिनक्स टाकलेलं, मुलींवर इम्प्रेशन मारायला. शून्य उपयोग झाला. सबमिशनच्या आदल्या रात्री जागा संपली म्हणून विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशनच उडवलं. मला वाटलं लिनक्स गेलं, विषय संपला. पण दार उघडणारा ग्रब त्या पार्टिशनमध्येच राहायचा ना. रीस्टार्ट केलं तर काळ्यावर पांढरं "ग्रब रेस्क्यू" आणि कर्सर लुकलुकतोय. वॉचमनच नोकरी सोडून गेला आणि किल्ली त्याच्या खिशात. रूममेटकडे विंडोजची डीव्हीडी होती, त्यातून रिपेअरमध्ये जाऊन बूटरेक, फिक्सएमबीआर. दोन मिनिटात विंडोज परत. तेव्हापासून हे नाव घेतलंय.

स्वरा_आई
पेनड्राईव्ह नाहीये काही. बायोस कसं उघडतात?

ग्रबदास
चालू करताना एफ२ दाबत राहा, कंपनीप्रमाणे डिलीट, एफ१० वगैरे पण असतं. कुठला लॅपटॉप आहे?

चिंगी७७
आधी कुकर बघ गं, फोटो कुठे जात नाहीत.

हिंजवडीकर
मी सपोर्टला आहे त्यामुळे दुसऱ्यांनी उडवलेल्या फाईलींवरच माझं घर चालतं. पण १९ जुलै २०२४ विसरणार नाही. शुक्रवार होता. एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं गंडलेलं अपडेट आलं आणि जगभर साधारण ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली, विमानतळावर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते आठवत असेल. तिथे उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली एक फाईल उडवा! आयुष्यभर लोकांना सांगत आलो सिस्टम ३२ ला हात लावू नका आणि त्या दिवशी शेकडो लोकांना फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगतोय, जा आत, करा डिलीट.

त्यात बिटलॉकर. प्रत्येकाला ४८ आकडी की फोनवरून वाचून दाखवायची. साताऱ्याजवळच्या गावातून घरून काम करणारी एक मुलगी होती, तिच्या एका हातात बाळ, म्हणून टाईप करायला सासरे बसले. त्यांना इंग्रजी आकडे नकोत, म्हणाले मराठीत सांगा, आणि जोडीने सांगा, लवकर होईल. मी म्हटलं एकोणऐंशी. त्यांनी टाकलं ८९. मी म्हटलं एकोणसत्तर, त्यांनी टाकलं ७९. तीन वेळा चुकलं. शेवटी म्हणाले, साहेब, तुमच्या त्या एकोणची आधी काहीतरी व्यवस्था करा. मग सात, नऊ, सहा, नऊ असं एकेक सांगून झालं. मशीन चालू झाल्यावर त्यांनी मला गावी हुरडा खायला बोलावलं, जुलैमध्ये.

उगाचच
जुलैत हुरडा म्हणजे येऊ नका असं सभ्यपणे सांगणं

ग्रबदास
हिंजवडीकर, त्या की मधल्या सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून चुकलं की तिथल्या तिथे कळतं. पुढच्या वेळी आजोबांना सांगा, भागाकार करून बघा.

सातासमुद्रापार
आम्ही जर्मनीत, इथे ८९ म्हणताना आधी नऊ आणि मग ऐंशी म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाला सवय आहे असं वाटेल पण नाही, एकोण कुठे आहे त्यांच्याकडे. बाकी कम्प्युटरचं काही आठवत नाही, फॅक्टरीत सगळं आयटीवाले बघतात. मुलाचं गणित मात्र तीन भाषांत चुकतं. भाजणीची चकली विरघळतेय तेलात, कोणाला उपाय माहिती आहे का?

चिंगी७७
मोहन जास्त झालं असेल. थोडी कोरडी भाजणी घालून परत मळून बघ. चकली धाग्यावर पण टाक.

माळ्यावरचा
आपण कुठून कुठे आलो 😄

स्वरा_आई
एसएसडीचं नाव दिसतंय!!! भाच्याने उबुंटूचा पेनड्राईव्ह करून दिला, फोल्डर उघडले, फोटो आहेत सगळे. कॉपी लावलंय, ४० मिनिटं दाखवतंय. नवऱ्याने आत्ता कबूल केलं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक १०० एमबीचं "रिकामं" पार्टिशन होतं ते कुठल्यातरी व्हिडिओत बघून काढून टाकलं.

ग्रबदास
ते ईएफआयचं. बूटच्या सगळ्या फाईली त्यातच असतात. १०० एमबी वाचवायला! परत बनवता येतं, विंडोजच्या पेनड्राईव्हवरून, फोटो झाले की सांगतो. नवऱ्याला ओरडू नका, त्यांनी निदान कबूल तरी केलं.

निशाचर_०१
कबुलीवरून आठवलं, माळ्यावरचा, तुम्ही बाबांना खरं कधी सांगितलंत? आणि फ्लॉपी चालते का अजून?

माळ्यावरचा
फ्लॉपी लावायला ड्राईव्ह कुठून आणू, परत डब्यात ठेवली. आणि नाही सांगितलं. परवाच लाईट गेली, मी लॅपटॉपवर काम करत होतो, बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "बंद कर ते आधी, मागच्यासारखं होईल!" मी केला बंद.