एमेलोर्ट दोन आहेत का? (नेदरलँड्स)

नकाशेवेडी:
हे कोडं कोणी सोडवेल का? नेदरलँड्सच्या 1850 च्या सुमाराच्या नकाशाची प्रत मिळाली. त्यात झाउडरझे समुद्रात स्खोकलांट नावाचं चिंचोळं बेट आहे आणि उत्तरेच्या टोकाला एमेलोर्ट. आजच्या नकाशात एमेलोर्ट चांगलं गाव आहे, पण चहूबाजूंनी शेतं. समुद्राचा पत्ता नाही. गाव हललं की समुद्र?

पोल्डरकर:
दोन्ही! मी तिथून फार लांब राहत नाही, मागच्या उन्हाळ्यात सायकलवरून गेलो होतो.

आधी गाव. स्खोकलांटवर उत्तरेला कॅथलिक एमेलोर्ट, दक्षिणेला प्रोटेस्टंट एन्स. लाटा कडा खात होत्या, लाकडी खांबांची तटबंदी मोडायची, पुन्हा उभारायची. 1825 च्या पुरात 13 माणसं गेली. त्यानंतर बेटावरच्याच मिडलब्युर्ट वस्तीत 1834 मध्ये नवं चर्च बांधलं, म्हणजे तेव्हाही लोकांना तिथेच राहायचं होतं. पण मासेमारीवर पोट भरेना, आणि बेट टिकवायचा खर्च सरकारला परवडेना. 1859 मध्ये राजा विलेम तिसरा याच्या हुकमाने साधारण 650 जणांना बेट सोडावं लागलं. घरं पाडली गेली. कोणी काम्पेनला, कोणी फॉलेनडामला.

मग समुद्र. 1932 ला आफस्लाउटडाइक नावाचा बांध घालून झाउडरझे अडवला, त्याचं गोड्या पाण्याचं आयसलमीर झालं. त्यातला एक भाग बांधाने वेगळा करून पंपांनी उपसला आणि 1942 मध्ये नोर्डओस्टपोल्डर कोरडा झाला. त्याच्या मधोमध नवं गाव वसवलं आणि नाव मात्र जुन्या बेटावरचं दिलं. तुमचं आजचं एमेलोर्ट ते हेच.

गप्पिष्ट:
म्हणजे जुनं बेट बुडालं, बरोबर? मी कुठेतरी तसंच वाचलं होतं.

पोल्डरकर:
नाही हो, उलट! पाणी गेलं, बेट राहिलं. शेतांमधून सायकल चालवत असता आणि एकदम रस्ता थोडासा वर चढतो, एवढंच ते बेट. जुन्या एमेलोर्टच्या बंदराशी लाकडी धक्का आहे, दीपगृह आहे, आणि पलीकडे बटाट्याचं शेत. धक्क्यावर बसून डबा खाल्ला, पाय खाली सोडून. पाण्याऐवजी गवत. बायको म्हणाली, "भरती कधी येणार विचार." 1995 मध्ये हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, देशातलं पहिलं. गंमत म्हणजे खालचा पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) कोरडा पडला की आकसतो, म्हणून बेट आताही खचतंय. ज्याला पाण्याने छळलं त्याला आता ओलं ठेवावं लागतं.

नकाशेवेडी:
वा! आणि नकाशातलं एन्स?

पोल्डरकर:
तेही दोन! नवं एन्स बेटाच्या पूर्वेला आहे. एमेलोर्टभोवती सायकलच्या अंतरावर दहा गावांचं कडं आखलं होतं, त्यातलंच एक. शेजारचं उर्कही बेटच होतं, पण 1939 मध्ये बांध पोचला आणि ते जमिनीला जोडलं गेलं. उर्कचे लोक तिथून उठले नाहीत, आजही मासेमारी करतात. जुन्या नकाशात स्खोकलांटच्या पश्चिमेला बघा, सापडेल.