‘फिलर एपिसोड’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

‘माय हीरो अकॅडेमिया’ या महानायकांच्या जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकेची भागवार ओळख मी मराठीतून लिहीत आहे. ती वाचणारे बहुतेक जण शाळकरी मुलांचे आईवडील आहेत, आणि आपली मुले तासन्‌तास काय पाहत बसतात हे त्यांना कळावे एवढाच माझा हेतू आहे. ‘सीझन’ला हंगाम आणि ‘व्हिलन’ला खलनायक म्हणून निभावले, ‘फिलर’पाशी मात्र लेखणी अडली आहे.

उदाहरण सांगते. चौथ्या हंगामाचा पहिला, म्हणजे एकूण क्रमाने ६४ वा भाग १२ ऑक्टोबर २०१९ रोजी प्रक्षेपित झाला. तोकुदा नावाचा एक वार्ताहर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात येतो आणि ‘ऑल माइट’ या निवृत्त महानायकाचा वारसदार कोण, याचा माग काढू लागतो. त्याच्या अंगातून कॅमेऱ्याची भिंगे उगवतात, ही त्याची जन्मजात शक्ती. कोहेइ होरिकोशी यांच्या मूळ चित्रकथेत हा प्रसंग नाही, म्हणून चाहत्यांच्या इंग्रजी याद्यांत या भागापुढे ‘फिलर’ असा शिक्का असतो. पहिल्या खर्ड्यात मी ‘पूरक भाग’ असे लिहिले होते. पण पूरक आहार किंवा पूरक वाचन म्हटले की ते घेतलेले बरे असा सूर लागतो, आणि ‘फिलर’ म्हणणाऱ्याला तर हा भाग टाळला तरी बिघडत नाही असे सुचवायचे असते. ‘भरताड’ लिहिले तर भागावर अन्याय होतो, कारण मला तो आवडला. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

‘फिलर’च लिहावे. मुलांना तोच शब्द ठाऊक आहे.

प्रतिसाद २

मुलांना ठाऊक आहे हे खरे, परंतु विचारणाऱ्या ताई पालकांसाठी लिहीत आहेत, आणि पालकांच्या मनात ‘फिलर’ म्हटल्यावर भिंतीच्या भेगा बुजवायची लुकण येण्याचा संभव अधिक आहे.

मराठीतल्या ‘भर’ या शब्दाचा गोतावळा पाहिला तर ताईंची अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. ‘ज्ञानात भर घातली’ यात भर चांगली आहे. ‘आधीच उशीर, त्यात पावसाची भर’ यात ती नकोशी आहे. खड्ड्यात घालतो तो भराव. आणि गंमत अशी की ‘भरीव’ म्हटले की अर्थ थेट उलटतो: भरीव मूर्ती, भरीव कामगिरी, म्हणजे जे आतून पोकळ नाही ते. त्यामुळे ‘फिलर’साठी ‘भर’ या धातूपासून घाईघाईने एखादे विशेषण घडवले तर ते वाचकापर्यंत स्तुती होऊन पोहोचेल, असा धोका आहे.

निंदेसाठी आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे खोगीरभरती. घोड्याच्या खोगिरात चिंध्या, गवत, लोकर असे जे हाताला लागेल ते कोंबत, त्यावरून बिनकामाची माणसे किंवा निरर्थक मजकूर यांना आपण खोगीरभरती म्हणू लागलो. परंतु वापरताना एक गोष्ट विसरली जाते. ती भरती काढून घेतली तर घोड्याची पाठ सोलून निघेल. भरतीचा माल हलका असतो, तिचे काम हलके नसते. ‘फिलर’ या शब्दातला घोटाळाही असाच आहे, असे मला वाटते: मूळ कथेत नसलेला आणि दर्जाने कमी असलेला, असे दोन निराळे आरोप तो एका दमात करतो. मराठीत त्या दोन आरोपांना दोन शब्द हवेत.

दर्जाच्या आरोपासाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या कोणत्याही घरात ‘आता पाणी घालायला लागले’ हे वाक्य ऐकू येते. ऐनवेळी पाहुणे आले की आमटी वाढवतात, त्यातले हे पाणी आहे. दुसऱ्या आरोपाला कोणता शब्द द्यावा, हे मला अद्याप सुचलेले नाही.

प्रतिसाद ३

मी जपानी भाषा शिकवतो, त्यामुळे मूळच्या भाषेत काय म्हणतात ते सांगतो. तिथले प्रेक्षक सहसा ‘फिलर’ म्हणत नाहीत. ते ‘आनिओरी’ म्हणतात. ‘ॲनिमे’ आणि ‘ओरिजिनल’ या दोन शब्दांची डोकी जोडून हा शब्द झाला आहे, आणि त्याचा अर्थ ‘ॲनिमेने स्वतः रचलेले’ एवढाच आहे. त्यात निंदा नाही. निंदा करायची झाली तर ‘हिकिनोबाशी’, म्हणजे ओढून लांबवणे, हा शब्द निराळा आहे. जुन्या भागांतली दृश्ये जोडून उजळणी केली असेल तर तो ‘सोऽशूऽहेन’. त्याला कुणी आनिओरी म्हणणार नाही. प्रतिसाद २ मध्ये ज्या दोन आरोपांची फोड केली आहे, ती जपानी भाषेत आधीच झालेली आहे.

असे भाग का निघतात हेही पालकांना सांगावे, असे सुचवतो. चित्रकथा साप्ताहिकात येते आणि एका आठवड्यात तिचे एकच प्रकरण छापले जाते, साधारण वीस पानांचे. ॲनिमेचा अर्ध्या तासाचा भाग मात्र सहसा एकापेक्षा अधिक प्रकरणे गिळतो. मालिका वर्षभर दर आठवड्याला चालू राहिली तर ती कधीतरी लेखकाच्या पाठीला जाऊन भिडणारच. ‘नारुतो’ची पहिली मालिका २००२ ते २००७ अशी सलग चालून २२० भागांची झाली, आणि तिचे अखेरचे ऐंशीएक भाग जवळजवळ सगळे अशा स्वरचित मजकुराचे आहेत, कारण लेखक पुढे जाईपर्यंत वेळ काढणे भाग होते. ‘माय हीरो अकॅडेमिया’ने ही वाट टाळली. चित्रकथा २०१४ साली सुरू झाली, ॲनिमे एप्रिल २०१६ मध्ये आले. पहिला हंगाम १३ भागांचा, दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे प्रत्येकी २५ भागांचे, आणि मध्ये मोठी विश्रांती. वेळ काढण्याची गरजच उरली नाही. मग तोकुदाचा भाग कशासाठी? तर विश्रांतीनंतर परतलेल्या प्रेक्षकाला कोण कोण आहे आणि कुणाची शक्ती कोणती, याची पुन्हा ओळख करून देण्यासाठी. वार्ताहराचे निमित्त करून हे केले आहे, आणि ते मला चतुराईचे वाटते, कारण नव्या माणसाला जे दाखवायचे ते प्रेक्षकालाही आपोआप दिसते.

प्रतिसाद ४

आपल्या परंपरेत या विषयाचे शब्द मुबलक आहेत, थोडे मागे जावे लागेल इतकेच.

अमरकोशात ‘तु हि च स्म ह वै’ ही अव्यये पादपूरणासाठी असल्याचे सांगितले आहे, म्हणजे श्लोकाच्या चरणात एखादे अक्षर कमी पडले तर ते भरून काढणारी. शाळेच्या मराठी व्याकरणातही पादपूरणार्थक अव्यये, अर्थात पालुपदे, असा प्रकार आपण शिकलो आहोत. ‘मी आपला गप्प बसलो’ या वाक्यातला ‘आपला’ पाहावा. तो काढला तरी माहिती तीच राहते. परंतु बसणाऱ्याचा बिचारेपणा नाहीसा होतो. कथानकाला पुढे न नेणारा भाग निरुपयोगीच असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाक्य ‘आपला’सह आणि ‘आपला’शिवाय मोठ्याने म्हणून पाहावे.

मूळ ग्रंथात दुसऱ्याने घातलेल्या मजकुराला क्षेपक किंवा प्रक्षिप्त म्हणतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की, या पाठात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. मूळ चित्रकथेशी निष्ठा राखणारा चाहता आज ‘फिलर’ हा शब्द ज्या रागाने उच्चारतो, तो राग या नरोटीत पुरेपूर आहे. तरीही ‘प्रक्षिप्त भाग’ असे मी सुचवणार नाही. प्रक्षेपात चोरून घातल्याची छटा आहे. इथे तर निर्मात्यांनी अनुमतीने, उघडपणे रचलेला भाग आहे. शिवाय प्रक्षेपण हा शब्द दूरचित्रवाणीने पळवल्यामुळे ‘प्रक्षिप्त भाग प्रक्षेपित झाला’ असे विनोदी वाक्य पदरी पडेल.

नाट्यशास्त्रातला ‘प्रकरी’ हा शब्द मोहात पाडतो. मुख्य कथेच्या कडेने दूरवर चालणारे उपकथानक ती पताका, रामकथेतल्या सुग्रीवासारखी; आणि जटायूच्या प्रसंगासारखा थोडक्यात आटोपणारा तो प्रकरी. तोकुदा येतो, आपले काम करून जातो, म्हणून प्रकरी शोभेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जटायू पडल्यावर कथा पहिल्यासारखी राहत नाही, आणि ॲनिमेकारांनी रचलेल्या भागाला तर कथा जशीच्या तशी परत करावी लागते: त्यात कुणी मरू शकत नाही, कुणाला नवी शक्ती मिळू शकत नाही, कारण पुढचा भाग पुन्हा मूळ लेखकाच्या पानावरून उचलायचा असतो. त्यामुळे तोही शब्द मी मागे घेतो.

प्रतिसाद ५

छापखान्यात आयुष्य गेले म्हणून एक शब्द नोंदवतो. पानाच्या तळाशी चार बोटे जागा उरली की तिथे सुभाषित, विनोद किंवा वेचा घालत असू, त्याला पानपूरक म्हणत. कित्येक वाचक मासिक हाती आले की आधी पानपूरके वाचून काढत आणि अग्रलेखाकडे नंतर वळत.

विचारणाऱ्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ मधील ‘पदरी पडेल’ हे शब्द वाचताना मला हवा असलेला शब्द सापडला. सांगोवांगीची गोष्ट सांगताना कुणी स्वतःची जोड दिली की आपण म्हणतो, ‘यातले अर्धे त्याने पदरचे घातले आहे.’ पदरचे घातलेले वाईटच असते असे नाही. पदरचे पैसेही आपण घालतोच. कुणाचे ते कळते, बरे की वाईट ते कळत नाही. जपानी ‘आनिओरी’ला ‘पदरचा भाग’ हा मला जवळचा वाटतो.

तो टिकतो का, हे पाहण्यासाठी तिसऱ्या हंगामाचा पहिला, म्हणजे ३९ वा भाग पुन्हा पाहिला. मिनेता आणि कामिनारी हे दोन वात्रट विद्यार्थी मुलींना पोहण्याच्या पोशाखात पाहता यावे म्हणून सरावाच्या नावाखाली शाळेचा तलाव मागून घेतात. पण वर्गप्रमुख ईदा ते नाव खरे मानून सगळ्या मुलांना तिथे कसरतीसाठी घेऊन येतो. शेवटी पोहण्याची शर्यत लागते. जो तो आपापली शक्ती वापरून पाण्यावरून झेपावतो, आणि अंतिम फेरी सुरू होते न होते तोच आयझावा सर येऊन नजरेने सगळ्यांच्या शक्ती पुसून टाकतात, मुले धपाधप पाण्यात पडतात आणि वेळ संपल्याचे सांगून सर त्यांना घरी पिटाळतात. कोण जिंकले ते कळतच नाही. कथा जशीच्या तशी परत करावी लागते, असे जे वर म्हटले आहे, ते इतक्या उघडपणे मी दुसरीकडे पाहिले नाही. निकाल लागला असता तर तो पुढे सांभाळावा लागला असता, म्हणून सरांनाच तलावाकाठी उभे केले आहे. हा पदरचा आहे, पण याला पाणी घातलेला म्हणवत नाही.

उलट ‘ड्रॅगन बॉल झी’च्या १२५ व्या भागाबद्दल माझ्या भाच्याशी वाद झाला. जगाला वाचवणारे गोकू आणि पिकोलो त्यात मोटार चालवण्याचा परवाना काढायला जातात आणि दोघांनाही तो मिळत नाही. मी त्याला सरळ पाणी म्हटले. भाच्याचे म्हणणे असे की, संपूर्ण मालिकेतला एकच भाग ठेवायचा झाला तर तो हाच ठेवील. पदरचा आहे, याबद्दल दोघांचेही दुमत नव्हते, त्यामुळे शब्द कसोटीला उतरला असे मी धरते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

‘पदरचा भाग’ पटला. एक शंका उरते. १९९०च्या आधी जन्मलेल्या वाचकाला पदर लगेच कळेल. ज्या पालकांनी घरात रोज साडी नेसलेली पाहिली नाही, त्यांना कळेल का? पहिल्या वापराच्या वेळी ‘मूळ चित्रकथेत नसलेला, ॲनिमेकारांनी पदरचा घातलेला’ असे पूर्ण लिहावे आणि नंतर नुसते ‘पदरचा’ वापरावे. आणि कुठे खरोखरच दर्जावर बोट ठेवायचे असेल तर ‘भरीचा भाग’ असे लिहावे, ‘भरचा’ असे नव्हे. ‘भर’ स्त्रीलिंगी आहे आणि तिचे सामान्यरूप ‘भरी’ होते, जसे ‘भरीस भर’.

विचारणाऱ्याचे उत्तर

दुरुस्ती केली. ६४ व्या भागाची नोंद आता अशी झाली आहे: ‘पदरचा. वार्ताहर तोकुदा वसतिगृहात येतो. नव्याने पाहू लागणाऱ्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.’